एक्स्टेंशन बोर्डात एमओव्ही बसवताना

वळवाच्या पावसात किंवा लाइट जाऊन परत येताना वायरीतून क्षणभर हजारभर व्होल्टचा झटका येऊ शकतो. एमओव्ही (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, व्होल्टेज फार वाढले की करंट वाहू देणारा छोटा भाग) तो झटका फेज-न्यूट्रलमध्येच वळवून घेतो. बसवायला अर्धा तास लागतो. पण दर झटक्यागणिक तो थोडा झिजतो, शेवटी तापतो आणि पेटूही शकतो. म्हणून नुसता एमओव्ही जोडून झाकण लावू नका.

सामान: २०डी४७१के एमओव्ही एक, ६ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसह, ११५ अंशांचा १० अँपिअर थर्मल फ्यूज (तेवढा तापला की तुटणारा) एक, २३० व्होल्टचा निऑन इंडिकेटर, फायबरग्लासची स्लीव्ह. ४७१ म्हणजे ४७० व्होल्ट. सतत ३०० व्होल्ट एसी त्याला चालतो. दुकानदार ४३१ पुढे करेल, त्याची मर्यादा २७५. रात्री २६०-२७० व्होल्ट येणाऱ्या गावात तो लवकर जातो. बोर्ड ६ अँपिअरचा, तीन पिनांचा आणि ऐसपैस आतल्या जागेचा हवा. इस्त्री, गीझर त्यावर लावायचे नाहीत.

आधी भिंतीचा सॉकेट टेस्टरने पाहा. अर्थचे मोठे भोक वर असताना फेज उजवीकडे हवा. उलटा असेल तर वायरमनकडून सरळ करून घ्या, नाहीतर तुमचा फ्यूज न्यूट्रलवर बसेल आणि तो उडाल्यावरही सॉकेटात करंट राहील.

मग प्लग काढून बोर्ड उघडा. जोडणीचा क्रम असा: प्लगचा फेज, काचेचा फ्यूज, थर्मल फ्यूज, त्यानंतर सॉकेटांकडे जाणारी फेजची वायर. एमओव्हीचा एक पाय थर्मल फ्यूजच्या पुढच्या टोकाला, दुसरा न्यूट्रलला. निऑनही तिथेच, याच दोन टोकांना. एमओव्ही तापून थर्मल फ्यूज उडाला की सॉकेटही बंद पडतात आणि दिवा विझतो. बोर्ड चालू, संरक्षण मात्र गेलेले, असे मग होत नाही.

एमओव्हीचे पाय आखूड ठेवा, दोन-तीन सेंटीमीटर पुरे. लांब वायरीतच झटक्याचा दाब वाढतो. थर्मल फ्यूज एमओव्हीला चिकटवून बसवा आणि दोघांवर मिळून स्लीव्ह चढवा. इथेच बहुतेकांचे चुकते: सोल्डर करताना फ्यूज आतल्या आत वितळतो. त्याचा पाय नोज प्लायरने धरा, चार सेकंदांत डाग संपवा किंवा सरळ क्रिंप करा, म्हणजे डाग न देता दाबून जोडा. नंतर मल्टिमीटरची बीप तपासा. थर्मल संरक्षण आतच असलेला एमओव्ही मिळाला तर ही कटकट थोडी कमी होते, पण तो उडाला तरी सॉकेट चालूच राहतात, आणि त्याच्या पायांची मांडणी वेगळी असते. डेटाशीट पाहूनच जोडा.

फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असे आणखी दोन एमओव्ही टाकण्याचा मोह होतो. घरातली अर्थिंग पक्की नसेल तर टाकू नका: झिजलेल्या एमओव्हीतून गळणारा करंट बोर्डाच्या अर्थ पिनेवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्र्यावर येतो.

न्यूट्रल तुटून सतत ४०० व्होल्ट आले तर एमओव्ही काही सेकंदांत जळतो. त्या दोषावर हा उपाय नाही. आणि कोणताही फ्यूज उडाला, तर एमओव्हीही बदला.