जुन्या फोटोतला रणगाडा ओळखायचाय? आधी चाकं मोजा

भिंगारला आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांच्या काळापासूनचा. नगरचा कॅम्प शेजारीच, त्यामुळे लग्नाच्या अल्बमांबरोबर फौजी फोटोही कायम येत राहिले. पूर्वी लोक ते मोठे करून घ्यायला यायचे, आता स्कॅन करायला येतात. त्यात रणगाडा असला की घरचे ठामपणे सांगतात, ‘हा पाकिस्तानचा पॅटन.’ पॅटन म्हणजे १९६५ च्या युद्धात पाकिस्ताननं आणलेला अमेरिकी रणगाडा. बहुतेक वेळा तो पॅटन नसतो. १९६५ नंतर आपल्याकडे रणगाडा म्हणजे पॅटन असं समीकरणच झालं, जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा.

असा फोटो तुमच्या घरी असेल तर मी काय करतो ते सांगतो. मी इतिहासकार नाही. चुका करत करत शिकलो.

फोटो अल्बमच्या चिकट पानाला धरून बसला असेल तर ओढू नका. पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका. मी स्वतः ऐन उमेदीत कितीतरी जणांना हौसेनं लॅमिनेट करून दिलेत. आज त्यात बुडबुडे आलेत आणि प्लास्टिक सोडवायला गेलं की फोटोचा थर सोबत निघतो. ती माणसं अजून दुकानात येतात, मी विषय बदलतो.

त्या काळी आग्फा क्लिक थ्री घरोघर होता. त्याचा थेट छापलेला फोटो चौकोनी, जेमतेम सव्वादोन इंचांचा. तो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, स्कॅन केला तर एका बाजूला पावणेसातशेच्या आसपास पिक्सेल मिळतात आणि रणगाड्याची चाकं म्हणजे काळे ठिपके. १२०० वर ठेवा, २७०० पिक्सेल मिळतील. मूळ प्रत टिफमध्ये, व्हॉट्सॲपला पाठवायची जेपेगमध्ये. फोटोची पाठही स्कॅन करा. शिक्का, तारीख, पेन्सिलीनं लिहिलेलं अर्धवट गावाचं नाव, सगळं तिथेच असतं.

आणि मोबाइलमधलं ते ‘फोटो सुधारा’वालं ॲप लांब ठेवा. एका नातवानं आजोबांचा फोटो त्यातून काढून आणला होता. आजोबांचा चेहरा गुळगुळीत झाला होता ते सोडा, रणगाड्याला एका बाजूला सात चाकं आली होती. यंत्राला जिथं दिसत नाही तिथं ते मनानं भरतं. मग ओळखायचं काय, कपाळ?

आता चाकं. नळी किती लांब, तोफ केवढी, हे आधी बघू नका. नळी कॅमेऱ्याकडे वळली असेल तर तिची लांबी फसवते. पट्ट्याच्या आत जमिनीला टेकलेली मोठी चाकं मोजा. पुढचं आणि मागचं, वर उचललेलं चाक धरायचं नाही. त्या दोघांतलं एक दातेरी असतं, ते पट्टा ओढतं. ते पुढे आहे की मागे, हेही टिपून ठेवा.

पाच चाकं, मोठाली, पहिल्या आणि दुसऱ्यात जास्त फट, वरच्या बाजूला पट्ट्याला आधार देणारे छोटे रोलर नाहीत: रशियन टी-५४, टी-५५ किंवा त्याचा चिनी भाऊ टाइप ५९. पाचच चाकं पण वर रोलर आहेत आणि दातेरी चाक पुढे: हलका अमेरिकी रणगाडा शॅफी असू शकतो. पाच चाकं, बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) मागच्या अंगाला सरकलेला आणि गाडी एकंदर ठेंगणी: फ्रेंच एएमएक्स-१३. ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धात, आपण लडाखमधल्या चुशूलला विमानातून उतरवले ते हेच. हलके होते म्हणून जमलं. चारच चाकं, दोन-दोनच्या जोड्यांत, आणि आजूबाजूला बर्फ असेल तर जरा सावरून बसा. तो १ नोव्हेंबर १९४८ च्या, काश्मीरमधल्या झोजिला खिंडीच्या लढाईतला, आपल्या ७ लाइट कॅव्हलरीचा स्टुअर्ट रणगाडा असू शकतो. इतक्या उंचीवर रणगाडे येतील असं समोरच्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बुरूज उतरवून, लपवत त्यांना वर नेलं होतं.

खरी गोची सहा चाकांची. शर्मन सहा, सेंच्युरियन सहा, पॅटन सहा, पीटी-७६ सहा, आपला विजयंताही सहा. इथं घाई केली की कॅप्शन चुकलंच म्हणून समजा.

शर्मनची चाकं लहान, दोन-दोनच्या तीन जोड्या, दातेरी चाक पुढे, आणि अंग उंच, डोक्यावर गाठोडं घेतल्यासारखं. सेंच्युरियनचीही चाकं जोडीनं बसवलेली, पण दातेरी चाक मागे आणि वरची अर्धी चाकं बाजूच्या लोखंडी पत्र्यांनी झाकलेली. हे पत्रे लढाईत वाकतात, गळतात, म्हणून ते दिसले नाहीत तर लगेच सेंच्युरियन बाद करू नका. पॅटनला जोड्या नसतात. प्रत्येक चाक स्वतःच्या दांड्यावर, सुटं, आणि वर रोलर. पॅटनमध्येही दोन प्रकार. एम ४७ चा बुरूज लांबट, पुढे निमुळता, आणि त्याच्या अंगात पुढे मशीनगन असते. एम ४८ चा बुरूज उपड्या कढईसारखा, पुढचा भाग होडीसारखा गोल, ड्रायव्हर बरोबर मधोमध. पाकिस्तानकडे दोन्ही होते. पीटी-७६ पाण्यात तरंगणारा, म्हणून बुरूज चपटा आणि अंग होडीचंच. बंगालमधल्या १९७१ च्या फोटोंत तो हमखास. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिथल्याच गरीबपूरला आपल्या ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ नी पाकिस्तानी शॅफींना तोंड दिलं.

पाच चाकांच्या गाडीत अजून एक मजा आहे. १९७१ ला आपल्याकडे टी-५४, टी-५५ आणि पलीकडे टाइप ५९. दुरून सगळे एकाच आईचे. मग आपल्या लोकांनी काय केलं, नळीच्या मध्यावर एक खोटा फुगवटा बसवला. धूर ओढून घेणारं जे गोल डबडं या रणगाड्यांत नळीच्या टोकाशी असतं, त्याची नक्कल. आपल्याच तोफेनं आपलाच रणगाडा उडवू नये म्हणून. तेव्हा टाइप ५९ सारखी गाडी आणि नळीच्या मध्यावर फुगवटा दिसला तर ती आपली. मला हे ज्यांनी दाखवलं त्या रिटायर्ड रिसालदारांनी त्यासाठी माझ्याकडून दोन कप चहा वसूल केला.

गाडी कळली की ऋतू बघा. १९६५ चं मोठं युद्ध सप्टेंबरचं: गवत उंच, ऊस उभा, जमीन ओली, माणसं पातळ शर्टात. पंजाबातल्या असल उत्तर गावी तर शेतं मुद्दाम पाण्यानं भरली होती आणि पॅटन त्या चिखलात रुतले. १९७१ चं डिसेंबरचं: अंगात जर्सी, डोक्याला मफलर, पंजाबात गव्हाची कोवळी पिकं. एकदा मी एका फोटोखाली ‘लोंगेवाला १९७१’ असं झोकात छापून दिलं. फोटोत घोट्याएवढं हिरवं गवत. लोंगेवाला जैसलमेरच्या वाळवंटातलं! तिथले प्रसिद्ध फोटो विमानातून घेतलेले आहेत, वाळूत पट्ट्यांचे गोलगोल ओरखडे, हंटर विमानांच्या माऱ्यातून सुटायला रणगाडे सैरावैरा फिरले त्यांचे. एका सुभेदारसाहेबांनी माझी फ्रेम हातात घेतली, गवतावर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत. मी ती फ्रेम फुकट बदलून दिली.

दुसरी फसगत म्हणजे प्रदर्शनातला रणगाडा. हस्तगत केलेले पॅटन गावोगावी चौकांत, छावण्यांत ठेवले गेले आणि लोकांनी त्यावर चढून फोटो काढले. खाली सिमेंटचा चौथरा, बाजूला साखळी, ताजा रंग, मागे नारळाचं झाड असेल तर ती रणभूमी नाही. निगेटिव्ह उलटी छापलेलीही असते. शर्टाची बटणपट्टी, मनगटावरचं घड्याळ आणि कुठलंही अक्षर तपासा. सेंच्युरियनचा ड्रायव्हर उजवीकडे बसतो. फोटोत तो डावीकडे आला तर फोटो फिरवा.

इंटरनेटवरच्या फोटोंनाही हेच लागू. २००८ मध्ये जर्मन संघीय अभिलेखागारानं ऐंशी हजारांवर फोटो विकिमीडिया कॉमन्सला दिले, त्यात दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे भरपूर. पण त्यातल्या कितीतरी फोटोंखालच्या जुन्या ओळी त्या वेळच्या प्रचारखात्याच्या. फोटो घ्या, ओळ पारखून घ्या. शिवाय दोस्त सैनिकांना त्या काळी प्रत्येक जर्मन गाडी टायगर वाटायची. तिथंही चाकंच कामाला येतात: आठ लहान चाकं असतील तर पँझर फोर, मोठी, एकमेकांवर चढलेली असतील तर टायगर किंवा पँथर.

डोळा बसवायचा असेल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक सकाळ घालवा. पॅटन, सेंच्युरियन, शॅफी, पीटी-७६, चर्चिल, व्हॅलेंटाइन, सगळे हाताच्या अंतरावर. पोरांना सोबत न्या आणि चाकं मोजायला लावा, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

गेल्या पावसाळ्यात पारनेरकडच्या एक आजी आल्या. मालक ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या विभागात, मेकॅनिक होते, फोटोत रणगाड्यावर पाय रोवून उभे. ‘ह्यांनी पकडलेला पॅटन.’ मी मोठा करून बघितला: जोडीनं बसवलेली चाकं, दातेरी चाक मागे, एका बाजूचा पत्रा निघालेला, खाली पान्यांची पेटी. सेंच्युरियन, आपलाच, दुरुस्तीला आलेला. सांगू की नको, असं झालं. शेवटी म्हटलं, ‘आजी, हा पॅटन नाही. पॅटनला भिडणारा आहे, आणि बिघडला होता तो साहेबांनी चालता केला.’ आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘हां, तेल पुसायचा फडका खांद्यावर आहे बघा.’ मला तो तोवर दिसलाच नव्हता.

पाठीमागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, एवढंच लिहिलं: ‘सेंच्युरियन. सप्टेंबर १९६५ असावा, कपड्यांवरून. जागा: पंजाब, घरच्यांच्या सांगण्यावरून.’ त्याखाली आजींनी सांगितलं तसं मालकांचं नाव. बॉलपेन वापरला असता तर पुढच्या बाजूला वळ उमटले असते.