या चुका टाळा: ऑटिस्टिक विद्यार्थ्याला विद्यापीठातून नोकरीपर्यंत साथ देताना

ऑटिस्टिक विद्यार्थी विद्यापीठात अडखळतो तेव्हा दोष बहुधा त्याच्या बुद्धीचा नसतो आणि अभ्यासक्रमाच्या काठिण्याचाही नसतो. शाळेत दिवसाची आखणी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. घंटा वाजते, वर्ग ठरलेला असतो, गृहपाठ फळ्यावर लिहिलेला असतो आणि घरी विचारपूस करणारे कुणीतरी असते. विद्यापीठात हा सगळा आधार एका सुट्टीच्या अवधीत काढून घेतला जातो आणि त्याच्या जागी ‘आता तुम्ही मोठे झालात’ एवढे एक वाक्य उरते. नोकरी लागताना हेच दुसऱ्यांदा घडते. प्राध्यापक, समुपदेशक, पालक आणि पुढे कार्यालयातील वरिष्ठ यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका याच दोन सांध्यांवर होतात, आणि त्या सद्हेतूने झालेल्या असल्यामुळे लवकर लक्षात येत नाहीत.

शब्दाविषयी थोडे. मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रुळला आहे, पण तो ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचे चित्र उभे करतो. स्वतःतच रमलेला आणि इतरांशी देणेघेणे नसलेला, असा त्याचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना इतरांविषयी मनापासून आस्था असते, ती व्यक्त करण्याची रीत तेवढी वेगळी असते. म्हणून या लेखात ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द ठेवला आहे.

गुण चांगले आहेत, म्हणजे सर्व ठीक आहे

ही सर्वांत जुनी चूक. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीने भाषा आणि बुद्धीच्या विकासात लक्षणीय उशीर नसलेल्यांना दिले जाणारे ‘अ‍ॅस्पर्गर’ हे वेगळे निदान रद्द केले आणि आधाराच्या गरजेनुसार तीन पातळ्या सांगितल्या. व्यवहारात मात्र या पातळ्या माणसाला चिकटवलेल्या दर्जासारख्या वाचल्या जातात. ज्या विद्यार्थिनीने गणिताच्या प्रश्नपत्रिकेत उत्तम गुण मिळवले तिने त्याच आठवड्यात दोन दिवस नीट जेवण घेतलेले नाही, हे गुणपत्रिकेत दिसत नाही. भूक, तहान, थकवा यांचे शरीराकडून येणारे संकेत काही ऑटिस्टिक व्यक्तींना उशिरा किंवा अस्पष्ट जाणवतात. त्यात भर म्हणजे वर्षानुवर्षे इतरांचे हावभाव आणि बोलणे यांची नक्कल करून स्वतःचे वेगळेपण झाकण्याची सवय. ही सवय विशेषतः मुलींमध्ये इतकी सफाईदार असू शकते की त्यांचे निदानही विद्यापीठात आल्यावर किंवा त्यानंतर होते. त्यामुळे भेटीत केवळ ‘अभ्यास कसा चालला आहे’ असे विचारू नका. झोप किती वाजता लागते, काल काय खाल्ले, धुतलेले कपडे आहेत का, न उघडलेले ईमेल किती साचले आहेत, हे नेमके विचारा. ‘कसे आहात’ या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘ठीक’ हेच उत्तर येते, कारण त्या प्रश्नाचे तेच उत्तर द्यायचे असते हे त्यांनी कष्टाने शिकलेले असते.

मोघम सूचना देऊन उत्तराची वाट पाहणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या एका चुकीने होते. मार्गदर्शक लिहितात: ‘मसुदा जमेल तेव्हा दाखवा, साधारण कल्पना आली म्हणजे झाले.’ लिहिणाऱ्याला हे वाक्य सौम्य आणि उदार वाटते. वाचणाऱ्यासाठी त्यात तीन मापे गाळलेली आहेत. ‘जमेल तेव्हा’ म्हणजे कोणत्या तारखेला? ‘मसुदा’ म्हणजे कितपत अपुरा चालतो? ‘साधारण कल्पना’ किती पानांत येते? विद्यार्थी सहा आठवडे पहिलीच चार पाने घासूनपुसून लखलखीत करत बसतो, ती दाखवण्याजोगी झालेली नाहीत असे समजून पाठवत नाही, आणि मार्गदर्शकांचा समज होतो की हा काही करतच नाही.

तीच सूचना अशी लिहून पाहा: ‘मंगळवारी सायंकाळी पाचपर्यंत दुसऱ्या प्रकरणाची चार ते सहा पाने ईमेलने पाठवा. संदर्भ अपुरे असले तरी चालतील, शुद्धलेखन तपासू नका. मी शुक्रवारपर्यंत केवळ मुद्द्यांच्या क्रमाविषयी अभिप्राय देईन. काहीच लिहून झाले नसेल तर “झाले नाही” एवढा एका ओळीचा ईमेल पाठवा, तोही पुरेसा आहे.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. अडकलेला विद्यार्थी गप्प होतो, गप्प राहिल्याची लाज वाटून आणखी गप्प होतो, आणि सत्र संपते ते अशाच शांततेत. त्या शांततेतून बाहेर पडण्याचा रस्ता आधीच लिहून ठेवला असेल तर तो वापरला जातो.

सूचना स्पष्ट असूनही काम सुरू होत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. दिना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली अशी मांडणी केली की ऑटिस्टिक मनाचे लक्ष एका वेळी थोड्याच विषयांवर, पण फार खोलवर एकवटते. अशा मनाला एका कामातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरणे जड जाते. काम आवडीचे असले तरी जाते. इथे वेळापत्रकाचा आणखी एक रंगीत तक्ता देऊन उपयोग होत नाही. कुणीतरी शेजारी बसून संगणकावर फाइल उघडायला लावणे, पहिले वाक्य मोडकेतोडके का होईना टंकून घेणे आणि वीस मिनिटे त्याच खोलीत आपापले काम करत राहणे, हा उपाय फारच साधा दिसतो, पण बरेचदा तोच लागू पडतो.

संवादकौशल्याचा वर्ग हाच सर्वांवर इलाज मानणे

गटप्रकल्प फसला की ऑटिस्टिक सदस्याला संवादकौशल्याच्या वर्गात पाठवले जाते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ साली अशी मांडणी केली की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, पण सुधारण्याची जबाबदारी मात्र एकाच बाजूवर टाकली जाते. कॅथरीन क्रॉम्पटन आणि सहकाऱ्यांच्या २०२० सालच्या प्रयोगात एक गोष्ट कानोकानी पुढे सांगण्यासाठी आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या होत्या. केवळ ऑटिस्टिक व्यक्तींच्या साखळीत माहिती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच टिकली, दोन्हींच्या मिश्र साखळीत ती अधिक गळाली. पुढे मोठ्या गटावर केलेल्या प्रयोगात मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही, म्हणून त्या भागावर फार भार देऊ नये. ऑटिस्टिक व्यक्ती आपापसांत माहिती नीट पोहोचवू शकतात, हे मात्र दोन्ही वेळा दिसले.

तेव्हा गटप्रकल्पात दुरुस्ती रचनेत करा. कोण काय करणार आणि कोणत्या तारखेला देणार, हे पहिल्याच बैठकीत कागदावर उतरवा. निर्णय कोठे नोंदवले जातील ती जागा एकच ठेवा, कारण उपाहारगृहात गप्पांच्या ओघात बदललेला निर्णय तिथे नसलेल्याला कधीच कळत नाही. गुणांचा काही भाग प्रत्येकाच्या स्वतःच्या कामाला द्या.

जादा वेळ दिला की सवलत पूर्ण झाली असे समजणे

परीक्षेच्या दालनात ट्यूबलाइट फडफडत असेल, पंख्याची घरघर आणि पर्यवेक्षकाच्या चपलांचा आवाज सतत कानावर आदळत असेल, तर जादा वेळ म्हणजे त्याच त्रासात आणखी अर्धा तास. आधी जागा बदला, मग वेळेचा हिशेब करा. तसेच, मान्य झालेली सवलत प्रत्येक सत्रात प्रत्येक प्राध्यापकापुढे नव्याने समजावून सांगण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडू नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंगत्वविषयक करारात वाजवी समायोजन, म्हणजे गरजेनुसार केलेले योग्य बदल, नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानलेला आहे. शिक्षण आणि रोजगार या दोन्हींचा त्या करारात स्वतंत्र कलमांत विचार आहे. सवलत देणारा कर्मचारी मेहरबानी करत असल्यासारखा बोलू लागला की विद्यार्थी ती मागणेच सोडून देतो.

नोकरीचा विचार शेवटच्या सत्रात सुरू करणे

पदवीच्या दिवशी विद्यापीठाची जबाबदारी संपते आणि कंपनीची अजून सुरू झालेली नसते. मधल्या या मोकळ्या जागेत चांगले चांगले विद्यार्थी हरवतात. शेवटच्या वर्षाच्या आधीच एखादी छोटी इंटर्नशिप, ग्रंथालयातले ठरावीक तासांचे काम किंवा प्रयोगशाळेतील मदतनिशी यांतून कामाच्या जागेची ओळख व्हायला हवी. रोजच्या प्रवासाचा सराव, गर्दी किती सोसते याचा अंदाज आणि सलग किती तास काम जमते याची नोंद तेव्हाच होते.

मुलाखत हा तर मोठाच अडथळा. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींच्या बोलण्याची काही सेकंदांची चित्रफीत पाहणाऱ्यांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत नोंदवले. त्याच बोलण्याचा केवळ लेखी मजकूर वाचणाऱ्यांत मात्र तो आकस दिसला नाही. म्हणजे नापसंती उत्तराला नव्हती, उत्तर देण्याच्या ढबीला होती. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला जन्मगावापासून सुरुवात करणारा उमेदवार बिनडोक नसतो. किती सांगायचे हे प्रश्नात नसते, म्हणून तो सगळे सांगतो. मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यावेत, ‘अडचणीवर मात केल्याचा एखादा प्रसंग’ असे ढोबळ न विचारता ‘या प्रकल्पात माहिती चुकीची निघाली तेव्हा तुम्ही कोणत्या क्रमाने तपासणी केली’ असे विचारावे, आणि शक्य असेल तिथे कामाचाच नमुना करून घ्यावा. थॉर्किल सोने यांनी २००४ साली डेन्मार्कमध्ये सुरू केलेल्या, ऑटिस्टिक व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीसारख्या कामांवर नेमणाऱ्या ‘स्पेशलिस्टर्ना’ या कंपनीने नेहमीच्या मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करताना निरीक्षण करण्याची पद्धत रूढ केली. मात्र त्या यशातून एक नवी चूकही जन्मली. प्रत्येक ऑटिस्टिक विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर तपासणीकडे ढकलले जाऊ लागले. ज्याला रोपवाटिकेत, दप्तरखान्यात किंवा भाषांतरात रस आहे त्याला तिकडेच जाऊ द्या.

आपले निदान नियोक्त्याला सांगायचे की नाही, केव्हा आणि कुणाला, हा निर्णय विद्यार्थ्याचा आहे. पालकांनी परस्पर कार्यालयात फोन करू नये. निदानाचे नाव न घेताही गरज सांगता येते: ‘मला सूचना लेखी मिळाल्या तर काम अचूक होते.’ एवढे वाक्य आधी तयार असले तर पहिल्या आठवड्यात धांदल उडत नाही.

रुजू झाला म्हणजे सुटला

पहिल्या तीन महिन्यांत काम जमत असते. अडते ते जेवायला केव्हा उठायचे, ‘हे जरा बघून घ्या’ म्हणजे आज की या आठवड्यात, आणि वरिष्ठांनी मान डोलावली म्हणजे होकार की नुसते ऐकले, यांवर. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटांची भेट ठेवा आणि त्यात काय बरोबर झाले, काय बदलायचे, केव्हापर्यंत बदलायचे, हे तीनच मुद्दे घ्या.

काही महिन्यांनी तोच माणूस बोलेनासा झाला, आधी सहज जमणारी कामे अडू लागली आणि एरवी सोसणारे आवाज असह्य होऊ लागले, तर त्याला आळस समजू नका. डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अशा अवस्थेचे वर्णन केले आहे: बहुधा तीन महिन्यांहून अधिक टिकणारी थकावट, गमावलेली कौशल्ये आणि घटलेली सहनशक्ती. यावर जास्त बैठका, जास्त देखरेख आणि सुधारणेची नोटीस हा उपाय नेमका उलटा पडतो. आधी बैठका कमी करा, काही दिवस घरून काम द्या, कामांची यादी दोन-तीनवर आणा, आणि नैराश्याची शंका असल्यास डॉक्टरांकडे जाण्यासाठी वेळ मोकळा करून द्या.

वरिष्ठ बदलला की हा सांधा पुन्हा उघडतो. जुन्या वरिष्ठाशी तोंडी ठरलेले काहीच नव्याला ठाऊक नसते. म्हणून कोणत्या सोयी मान्य आहेत, सूचना कशा द्यायच्या आणि अडचण आल्यास कुणाला कळवायचे, हे एका पानावर लिहून त्याची एक प्रत कर्मचाऱ्याकडेच ठेवा. त्याची परवानगी असेल तर नवा वरिष्ठ रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ते पान त्याच्या हाती पोहोचले पाहिजे.