ग्रुपमध्ये 'नाही' म्हणताना या चुका टाळा

अकरावीतली, नाशिकमधली गोष्ट. पावसाळा होता, कॉलेज रोडवरचा क्लास बुडवून आम्ही पाच जण दोन गाड्यांवर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. मला पोहता येत नव्हतं आणि हे ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, सांगायची लाज वाटायची. तिघं धडाधड पाण्यात उतरले आणि तिकडून ओरडायला लागले, "चल ना रे, फट्टू!" मी शर्ट काढून घोट्यापर्यंत पाण्यात उभा, पायाखालचा गाळ सरकतोय, आणि डोक्यात एकच विचार की आता नाही म्हटलं तर वर्षभर हेच ऐकावं लागणार. तेवढ्यात मागून आमच्यातला सगळ्यात गप्प पोरगा म्हणाला, "मला पोहता येत नाही, मी बसतो इथे." बस, एवढंच. मग माझ्या तोंडून पण निघालं, "मला पण नाही येत." दोघं दगडावर बसून चिवडा खात बसलो. आणि वर्षभर सोडा, परत येताना पण कोणी तो विषय काढला नाही.

आता मी इंदिरानगरला दहावी-अकरावीच्या मुलांना शिकवतो, आणि पोरंपोरी त्याच त्याच चुका करताना दिसतात म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकट्यानेच अख्ख्या ग्रुपला तोंड द्यायला जाणं. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग केला होता, कागदावरच्या रेघांपैकी सारख्या लांबीची कोणती ते सांगायचं, उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसतंय, पण बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देणार. साधारण चारपैकी तीन जण एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराच्या मागे गेले. पण खोलीत फक्त एक जण जरी बरोबर बोलला तरी हे मागे जाणं पाव हिश्श्यावर आलं. धरणावर माझं तेच झालं ना! म्हणून ग्रुपमध्ये तुमच्यासारखा विचार करणारा एक जण हेरून ठेवा, त्याच्याशी आधीच बोला, आणि दुसरा कोणी अडकलेला दिसला तर पहिलं "मला पण नको" तुम्ही म्हणा.

दुसरं, "वेळ आली की बघू" असं समजू नका. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर तपासलं, तर मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकटं असतानापेक्षा खूप जास्त धोका घेतला, मोठ्या माणसांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणजे तुम्ही कमजोर नाही, ते वयच तसं असतं, म्हणून टपरीवर कोणी सिगरेट पुढे केली किंवा कोणाच्या दप्तरातून व्हेप म्हणजे ई-सिगरेट निघाली (2019 पासून आपल्याकडे विकायलाच बंदी आहे तरी निघते) तर काय बोलायचं ते घरी शांत डोक्याने ठरवा आणि दोनदा मोठ्याने बोलून बघा.

बोलताना कारणं देत बसू नका. "आज घसा दुखतोय" म्हणालात की उद्या घसा बरा झाला ना, मग घे! "नको, मी नाही घेत" एवढं बोलायचं आणि लगेच विषय बदलायचा. मॅच, होमवर्क, काहीही. समोरच्याला लेक्चर पण देऊ नका, त्याने तो चिडतो आणि मग हट्टाला पेटतो.

ट्रिपल सीट आणि लायसन्स नसताना गाडी, याबद्दल तर एकच सांगतो, अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर कायद्याने पालकांना 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे ग्रुपवर आधीच टाकून ठेवा.

अजून एक. कोणी फोटो किंवा चॅट व्हायरल करतो म्हणून धमकावत असेल तर त्याला दोस्तांचं प्रेशर समजून गप्प राहू नका प्लीज. तो गुन्हा आहे. घरी सांगा, घरी जमत नसेल तर 1098 ला फोन करा, मुलांसाठीच आहे आणि फ्री आहे.

आईबाबा वाचत असतील तर, "ती मुलं सोड" म्हणू नका, पोरगं मित्र सोडत नाही, तुम्हाला सांगणं सोडतं. त्यापेक्षा एक खुणेचा मेसेज ठरवा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी "आजीचं औषध आणलं का?" असं ठरलंय. गंगापूर रोडला एका बर्थडे पार्टीत दारू निघाली तेव्हा तिने बाथरूममधून तो पाठवला, पाच मिनिटांत आईचा फोन आला, "लगेच घरी ये, मी खाली उभी आहे." मैत्रिणींसमोर आईच खडूस ठरली, आणि गाडीत बसल्यावर आईने फक्त विचारलं, "जेवलीस का?"