बरा दिवस जपून वापरा
संधिवातात घात करतो तो बरा दिवस. सांधे जरा मोकळे वाटले की आपण माळा आवरायला काढतो, डबे घासतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. मन त्याहून खाली. म्हणून थकण्याआधीच थांबा, डबे अर्धे राहिले तरी. सकाळी बोटं आखडली असतील तर कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून मुठीची हळूहळू उघडझाप करा, चहा नंतर. मग बडोद्याच्या कमाटीबागेत पहिल्या बाकापर्यंत जा, बसा, परत या. (बँडस्टँड गाठलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय?) उदासी दोन आठवडे हटली नाही, तर गुडघ्याइतकंच तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रात्रीबेरात्री १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मोफत बोलता येतं.