विज्ञानाच्या तासासाठी चित्रफिती आणि ध्वनिफिती कशा शोधाव्यात

खानदेशातील पुष्कळ शाळांत आता प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही पोहोचला आहे आणि जेथे तो नाही तेथे शिक्षकाच्या खिशात मोबाइल तरी असतोच. खरी अडचण निवडीची आहे. यूट्यूबवर ‘प्रकाश संश्लेषण’ असे टाइप केले की चित्रफितींचा ढीग समोर येतो, आणि त्यांपैकी अनेकींमध्ये कोणीतरी पाठ्यपुस्तकातील परिच्छेदच वाचून दाखवत असते. ते काम वर्गातील शिक्षक अधिक चांगले करू शकतो. चित्रफीत शोधायची ती जी गोष्ट वर्गात प्रत्यक्ष दाखवता येत नाही तिच्यासाठी: फार सूक्ष्म, फार प्रचंड, फार संथ, फार जलद, धोक्याची किंवा फार दूरची. हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकल्यावर होणारा रंगबदल मुलांनी स्वतःच्या हातांनी पाहावा; सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्यावर काय होते ते मात्र पडद्यावरच पाहिलेले बरे.

म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी पाठ उघडावा आणि मुले नेमकी कोठे अडतात ते एका प्रश्नाच्या रूपात वहीत लिहून काढावे. रावेर-यावल पट्ट्यातील मुलांचे उदाहरण घेऊ. शाळेच्या कुंपणाबाहेर केळीच्या बागा असतात, घरात ‘टिश्यू कल्चर रोपे’ हा शब्द रोजचा असतो. पण एका लहानशा तुकड्यापासून हजारो सारखी रोपे होतात म्हणजे नेमके काय होते, हे बहुतेक मुलांनी पाहिलेले नसते. येथे ‘केळी टिश्यू कल्चर’ असे शोधले तर रोपवाटिकांच्या जाहिराती, रोपांचे दर आणि लागवडीचा सल्ला मिळतो. ‘ऊती संवर्धन इयत्ता नववी’ असे शोधले तर पाठाचे वाचन मिळते. आपल्याला हवे असते ते प्रयोगशाळेतील निर्जंतुक कक्षातले चित्रण: कोंबाचा गाभा कापणे, तो पोषक माध्यमाच्या बाटलीत ठेवणे, फुटवे वेगळे करणे, मुळे धरवणे आणि शेवटी रोप हरितगृहात बाहेरच्या हवेला सरावणे. ते मिळवण्यासाठी ‘बनाना मायक्रोप्रोपगेशन लॅब’ हे शब्द इंग्रजीत टाइप करावे लागतात. मिळालेल्या लांबलचक चित्रफितीतून आपल्या प्रश्नाला लागू असलेली तीन-चार मिनिटे निवडली आणि त्यांची सुरुवात व शेवट वहीत टिपून ठेवला की काम झाले.

याच उदाहरणातून शोधण्याची एक सवय लावून घेता येते. विषयाच्या नावाला चित्रणाच्या प्रकाराचे नाव जोडावे. बी रुजणे, चंद्राच्या कला, लोखंड गंजणे अशा संथ क्रियांसाठी ‘टाइमलॅप्स’; पाण्याचा थेंब फुटणे, फटाक्याचा स्फोट यांसाठी ‘स्लो मोशन’; पेशीविभाजनासाठी ‘मायक्रोस्कोप’; इलेक्ट्रॉनचे वहन किंवा रक्ताभिसरण यांसारख्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ‘अ‍ॅनिमेशन’. यूट्यूबच्या फिल्टरमध्ये कालावधी, उपशीर्षके आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (निर्मात्याने काही अटींवर इतरांना वापराची दिलेली मोकळीक) यांनुसारही निवड करता येते. कालावधीचा फिल्टर लावल्यावर तासाभराची व्याख्याने लगेच बाजूला पडतात.

कोठे शोधावे

पहिला शोध पाठ्यपुस्तकातच करावा. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने स्कॅन केला की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते. दीक्षा हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. तेथील साहित्याचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, हे मान्य करूनही सुरुवात तेथूनच करावी, कारण परिभाषा आपल्या पुस्तकाची असते आणि साहित्य मोबाइलमध्ये उतरवून नंतर इंटरनेटशिवाय चालवता येते.

हाताने करण्याच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाला तोड नाही. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवण्याचे त्यांचे काम पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रातून देशभर पोहोचले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत आहेत. एक विनंती मात्र आहे: या चित्रफिती शिक्षकाने आदल्या दिवशी पाहाव्यात आणि वर्गात खेळणेच न्यावे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा, स्ट्रॉ आणि जुनी बाटली आपल्याकडे कोणत्याही गावात मिळते.

कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे व्यासपीठ चित्रफितींचे नसून परस्परक्रियात्मक प्रतिकृतींचे आहे, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी ते २००२ साली सुरू केले. विद्युत परिपथ, घनता, अपवर्तन यांच्या प्रतिकृतींत मुलांना स्वतः मूल्ये बदलून परिणाम पाहता येतो. अनेक प्रतिकृती मराठीत आहेत आणि एचटीएमएल५ स्वरूपातील प्रतिकृती उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही.

अवकाशविज्ञानासाठी इस्रो आणि नासा यांच्या मूळ वाहिन्यांवरच जावे. गुरुत्वाच्या पाठाला अपोलो १५ मोहिमेतील एक चित्रण हवेच: १९७१ साली डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभे राहून एका हातातून १.३२ किलोग्रॅमचा हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदमच खाली पोहोचले. चित्रण जेमतेम मिनिटभराचे आहे. दोन्ही वस्तू सुटण्याच्या क्षणी ते थांबवावे, आधी काय पडेल ते प्रत्येक मुलाकडून वहीत लिहून घ्यावे आणि मगच पुढे चालवावे.

चित्रफीत पारखून घ्यावी

वर्गात दाखवण्याआधी चित्रफीत पूर्ण पाहणे हा नियम कधीही मोडू नये. ती कोणी बनवली, केव्हा बनवली आणि दाखवलेले दृश्य कोठले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. नऊ ग्रहांची सूर्यमाला सांगणारी चित्रफीत २००६ पूर्वीची तरी असते किंवा कोणीतरी न तपासता केलेली असते. ज्वालामुखी, वादळे आणि विचित्र प्राणी यांची कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली खोटी दृश्ये आता सर्रास फिरतात. ठिकाण आणि तारीख न सांगणारे दृश्य वर्गात नेऊच नये.

याहून कठीण असतात त्या दिसायला खऱ्या पण स्पष्टीकरणात चुकलेल्या चित्रफिती. ताटातील पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घालण्याचा प्रयोग असंख्य ठिकाणी दाखवला आहे. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढते, आणि निवेदक सांगतो की हवेतील ऑक्सिजन संपला, त्याची एक पंचमांश जागा पाण्याने घेतली. हे स्पष्टीकरण बरोबर नाही. चित्रफीत हळू गतीने चालवून पाहावी: पेला घालताना काठाखालून काही बुडबुडे बाहेर पडतात, ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही, आणि ज्योत विझल्याबरोबर ते झपाट्याने वर येते. तापून प्रसरण पावलेली हवा आधी थोडी निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन तिचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर चढते, आणि हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तर तेच असते. अशी चित्रफीत टाकून देण्याचे कारण नाही. तिचा आवाज बंद करून ती मुलांसमोर ठेवावी आणि पाणी नेमके केव्हा चढले ते त्यांनाच शोधू द्यावे.

भाषेकडेही लक्ष हवे. चांगल्या चित्रफिती हिंदीत पुष्कळ आहेत आणि आपल्या मुलांना हिंदी समजते, पण संज्ञा बदलतात. मराठी पुस्तकातील वस्तुमान तेथे ‘द्रव्यमान’ होते, पेशीची ‘कोशिका’ होते. सर्वांत मोठा गोंधळ आम्लांच्या पाठात होतो, कारण आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला हिंदीत ‘लवण’ म्हणतात आणि हिंदीतील ‘क्षार’ म्हणजे आम्लारीधर्मी पदार्थ. अशा संज्ञांची जोडी आधी फळ्यावर लिहून ठेवावी. ज्या वर्गात अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणारी मुले अधिक आहेत, तेथे निवेदन बंद करून शिक्षकाने स्वतः, मुलांच्या बोलीतील शब्द घेत, दृश्य समजावून सांगणे सर्वांत परिणामकारक ठरते.

ध्वनिफिती

ध्वनिफितींचा उपयोग आपण फारच कमी करतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांना डेटा कमी लागतो, पडदा लागत नाही, अंधार करावा लागत नाही. भारनियमनाच्या वेळीही चार्ज केलेला ब्लूटूथ स्पीकर पुरतो. पक्ष्यांच्या आवाजांसाठी ‘झेनो-कँटो’ हे संकेतस्थळ पाहावे. २००५ पासून जगभरातील निरीक्षकांनी तेथे ध्वनिमुद्रणे ठेवली आहेत. पक्ष्याचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाइप केले की मुद्रणे स्थळ-तारखेसह मिळतात. कोकिळा, भारद्वाज आणि पिंगळा यांचे आवाज डोळे मिटून ऐकायला सांगावेत आणि मग उंच-नीच स्वर, कंप्रता आणि अधिवास यांवर बोलावे. ‘कुहू’ हा आवाज नराचा असतो, हे बहुतेक मुलांना तेथेच प्रथम कळते. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत रानपिंगळ्याची गोष्ट अवश्य सांगावी: १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता तो पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. संकटग्रस्त पक्ष्यांची काही मुद्रणे तेथे मुद्दाम खुली ठेवलेली नसतात; जी मिळतील तीही जंगलात जाऊन वाजवू नयेत, कारण त्याने पक्षी विचलित होतात.

‘ध्वनी’ या पाठासाठी नासाने प्रसिद्ध केलेले मंगळावरील आवाज घ्यावेत. २०२१ साली उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स यानावर मायक्रोफोन आहेत. आपल्या हवेत २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, मंगळाच्या विरळ वातावरणात तो सुमारे २४० मीटर भरला. माध्यमानुसार वेग बदलतो, हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही.

जेथे रेंज नाही तेथे

धडगाव, अक्कलकुवा भागातील पाड्यांवर इंटरनेटच्या भरवशावर तास आखता येत नाही. डीडी फ्री डिशच्या अँटेनावर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या विनाशुल्क दिसतात. ‘किविक्स’ या अ‍ॅपने विकिपीडिया उतरवून ठेवता येतो. बाकीचे साहित्य तालुक्याच्या गावी गेल्यावर उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावे. चित्रफीत एमपी४ आणि ध्वनिफीत एमपी३ स्वरूपात असेल तर जवळपास प्रत्येक टीव्हीवर चालते. फायलीच्या नावात इयत्ता, पाठ आणि विषय मराठीत लिहावा, नाहीतर महिन्याभराने काहीच सापडत नाही.

येथे परवान्याचा प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलती आहेत. पण दुसऱ्याची चित्रफीत स्वतःच्या वाहिनीवर चढवणे त्यात बसत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे साहित्य वापरताना निर्मात्याचे नाव द्यावे, आणि ‘बदल करू नये’ अशी अट असेल तर काटछाट केलेली प्रत पुढे पाठवू नये.

दाखवून झालेल्या प्रत्येक फितीची नोंद पाठ टाचणाच्या वहीतच करावी: नाव, मिळण्याचे ठिकाण, किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत, मुलांनी विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा घ्यायची की नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत या नोंदी आणि पेनड्राइव्ह दोन्ही सोबत न्यावेत.