तालुक्याच्या दप्तरातून इतिहासाचा प्रबंध कसा उभा करावा

विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी राहून इतिहासात एम.ए.चा संशोधन प्रकल्प किंवा पीएच.डी.चा प्रबंध करू पाहणारे बहुतेक विद्यार्थी विषय ठरवतानाच घाई करतात. ‘विदर्भातील स्वातंत्र्यलढा’ असे ऐसपैस शीर्षक घेतले की छापील पुस्तकांतील मजकूर पुन्हा मांडण्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. म्हणून आधी साधने पाहावीत आणि मगच शीर्षक ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

साधने कुठे आहेत हे कळण्यासाठी आपला भाग कोणत्या काळी कोणाच्या अमलाखाली होता, याची प्रथम नोंद करावी. वऱ्हाड 1853 च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारकडे आले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) हा भाग मात्र भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर 1861 पासूनच मध्य प्रांतात होता. पुढे विदर्भाचा बहुतेक भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि 1950 पासून 1956 पर्यंत मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे नागपूरच्या पुराभिलेखागारात न मिळालेली फाइल भोपाळ, हैदराबाद किंवा दिल्लीत असू शकते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील पुष्कळ कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. प्रवासाचा खर्च करण्यापूर्वी तिथे शोध घ्यावा, आणि त्याच बैठकीत भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ठेवणाऱ्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आपल्या विषयावर आधी कोणी प्रबंध लिहिला आहे का, तेही तपासावे.

त्यानंतर तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठावा. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायला गावोगावचे लोक तिथे जातात, पण हेच बुक इतिहासाचे पहिल्या दर्जाचे साधन आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. त्यात गावातील जन्म आणि मृत्यू तारखेनिशी नोंदलेले असतात. 1918 च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत व वऱ्हाडात भयंकर बळी घेतले. आपल्या दहा-बारा गावांत तेव्हा काय घडले, हा प्रबंधाचा उत्तम विषय होऊ शकतो. मात्र मृत्यूच्या कारणापुढे बहुधा नुसते ‘ताप’ एवढेच लिहिलेले आढळेल. तो हिवताप होता की इन्फ्लुएंझा, हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. अशा वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबर 1918 मधील मृत्यू आधीच्या चार-पाच वर्षांच्या त्याच महिन्यांतील मृत्यूंशी ताडून पाहावेत आणि जो फरक दिसेल तेवढ्यावरच विधान करावे. पाने फाटलेली असतील किंवा एखादे वर्ष गहाळ असेल, तर ती उणीव प्रबंधात स्पष्ट लिहावी.

पूर्व विदर्भातील विद्यार्थ्याला मालगुजारी तलावांचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातील तलावांचा विषय अधिक जवळचा वाटेल. बंदोबस्ताच्या (जमीनमोजणी आणि साराठरावाच्या) वेळी तयार झालेल्या मिसली (गावांच्या महसुली फाइली), गावचे रिवाज नोंदवणारा वाजिब-उल-अर्ज आणि गावकऱ्यांचे सामाईक वापराचे हक्क नोंदवणारे निस्तार पत्रक ही कागदपत्रे एकत्र वाचली, तर पाण्यावर, चराईवर आणि सरपणावर कोणाचा हक्क होता हे उलगडत जाते. 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर या हक्कांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे, आणि तो एका तलावापुरता ठेवला तरी प्रबंधाला पुरून उरतो. शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टरही मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहावे. वडिलांचा धंदा आणि शाळा सोडल्याचे कारण या नोंदी त्यात मिळाल्या, तर त्यांतून गावाची घडण दिसते.

एकोणिसाव्या शतकात किंवा त्यामागे जायचे असेल तर मोडी शिकण्याला पर्याय नाही. निजामी अमलातील कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना असते. दख्खनी फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, पण उत्तरेकडील फसलीचा हिशेब वेगळा असल्याने कागद कुठला आहे ते आधी पाहावे. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेताना कार्यालय, बस्ता, फाइल आणि पान यांची नोंद जागेवरच करावी, कारण दोन वर्षांनी तळटीप लिहिताना तीच उपयोगी पडते.

पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. त्यातला मोठा हिस्सा साधनांसाठी राखून ठेवावा आणि मार्गदर्शकांना दर दोन-तीन महिन्यांनी लिहिलेला मजकूर दाखवावा, मग तो अपुरा का असेना. पहिले लिहायचे प्रकरण प्रस्तावनेचे नसावे. ज्या प्रकरणासाठी सर्वांत दाट साधने जमली आहेत, तेच आधी लिहावे.

गावातील वृद्धांच्या मुलाखती कागद वाचून झाल्यावर घ्याव्यात, म्हणजे नेमके काय विचारायचे ते कळते. त्यांना साल विचारू नये. “मालगुजारी गेली तवा तुमी केवढे होते?” किंवा “बहात्तरच्या दुष्काळात तळ्याले पानी होतं काय?” असे विचारले की आठवणी आपसूक बाहेर येतात. उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. ती प्रमाण मराठीत बदलली, तर बोलणाऱ्याचा आशयही बदलतो. मंजूर झालेला प्रबंध शोधगंगेवर सर्वांना खुला होतो. म्हणून नाव छापायचे की नाही, हे प्रत्येकाला मुलाखतीच्या आधीच विचारून लेखी संमती घ्यावी आणि कोतवाल बुकातील व्यक्तींची नावे व जाती, विषयाला आवश्यक नसतील तर, प्रबंधात देऊ नयेत.