बोर्डची जोडणी बाहेरून करून घेताना या चुका टाळा

नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांत लुकलुकणाऱ्या एलईडींचे किट तयार करून दिवाळीपूर्वी फोंडा आणि म्हापसा परिसरातील मुलांच्या गटांना देणे, हा आमचा हौशी उद्योग. किटमधले सर्किट बोर्ड आम्ही हातानेच सोल्डर करत असू. मागणी २०० वर गेली तेव्हा जोडणी बाहेरच्या कारखान्याला दिली आणि आपण किती गोष्टी लिहून देत नव्हतो हे तेव्हा उमगले.

सर्वांत महाग पडणारी चूक सुट्या भागांच्या यादीत असते. ‘१० मायक्रोफॅरॅड, ०८०५’ एवढेच, म्हणजे फक्त क्षमता आणि आकार, लिहिल्यास कारखाना त्या वर्णनात बसणारा स्वस्त कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) घेतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. एक्स७आर प्रकारच्या कपॅसिटरची क्षमता उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस या कक्षेत १५ टक्क्यांहून अधिक बदलत नाही. वाय५व्ही प्रकारात मात्र उणे ३० ते ८५ अंशांतच ती ८२ टक्क्यांपर्यंत घटू शकते. सर्व एलईडी एकदम लागताच बोर्ड रीसेट होत असेल, तर वीजपुरवठ्याच्या मार्गावर एक खात्रीचा कपॅसिटर समांतर जोडून पाहावा. दोष नाहीसा झाल्यास कारण बहुधा कमी क्षमतेचा कपॅसिटर हेच असते. म्हणून यादीत उत्पादकाचा पूर्ण भाग क्रमांक, चालणारे पर्याय आणि ‘विचारल्याशिवाय बदल करू नये’ ही ओळ असावी.

एलईडी उलट बसण्याची तक्रारही नेहमीची आहे. कॅथोड म्हणजे ऋण टोक दाखवणारी खूण सर्व उत्पादकांची सारखी नसते, आणि आपल्या आराखड्यातील शून्य अंशाची दिशा कारखान्याच्या यंत्राशी जुळेलच असे नाही. त्यामुळे पहिला बोर्ड भरला की त्याचे छायाचित्र मागवून ते मंजूर करेपर्यंत उरलेले काम थांबवायला सांगावे.

तिसरी चूक मात्र पूर्णपणे आमची होती. बोर्ड चालवणाऱ्या चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, आम्हीच पुरवणार होतो, म्हणून ऐन ऑगस्टमध्ये ओलावारोधक पिशवी फोडून ते मोजले आणि साध्या प्लास्टिकमध्ये भरून पाठवले. एमएसएल ३ (ओलावा-संवेदनशीलतेची पातळी ३) दर्जाचे भाग पिशवीबाहेर जास्तीत जास्त १६८ तास राहू शकतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. गोव्याच्या पावसाळ्यात ही अट घरात पाळली जाणे कठीणच. शोषलेल्या ओलाव्याची सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो भट्टीत वाफ होते आणि चिपचे आवरण आतून सुटते. असा बोर्ड सुरुवातीला चालतो, मग अधूनमधून अडतो, आणि दोष सोल्डरिंगवर ढकलला जातो. पिशवी उघडलीच असेल, तर भाग ठरलेल्या तापमानाला भाजून घेण्यास कारखान्याला स्पष्ट सांगावे.

तपासणीबाबत माझे मत थोडे हट्टी आहे. आयएस २५०० या भारतीय मानकाच्या धर्तीवरील नमुना पद्धतीत २०० नगांमधून ३२ तपासतात आणि २.५ टक्के एक्यूएलला (स्वीकारार्ह दोष पातळीला) २ दोषी चालतात, तिसरा सापडल्यास लॉट नाकारला जातो. सोल्डरचे रूप पाहण्यास हे पुरे आहे, आणि त्यासाठी ऑर्डरवर आयपीसी-ए-६१० या जोडणीच्या दर्जाविषयीच्या मानकाचा वर्ग २ नमूद करावा. पण बोर्ड चालतो की नाही हे २०० पैकी प्रत्येकावर पाहावे. पोगो पिनांचे (स्प्रिंगवर दबणाऱ्या संपर्क पिनांचे) साधे तपासणी जिग आपणच बनवून फर्मवेअरच्या (चिपमधील प्रोग्रामच्या) ठरलेल्या आवृत्तीसह कारखान्याला द्यावे, आणि जिगवर नापास झालेले बोर्ड कोणाच्या खर्चाने दुरुस्त होतील हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे.